तुम्ही विचारलंत म्हणून: पीएच.डी.ला पैसे कुठून आणले?

"मॅडम, पीएच.डी.ला पैसे कुठून आणले तुम्ही?" वर्गातली मुलं विचारतात, त्यांचे आईवडील फोन करतात, एकदा एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलं. माझं उत्तर ठरलेलं आहे. "जेआरएफ होती. मन लावून नेट काढा, पैशाची काळजी मिटते." नेट ही प्राध्यापकीच्या पात्रतेची देशपातळीवरची परीक्षा, आणि जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, ही तिच्यातून संशोधनासाठी दरमहा मिळणारी रक्कम. गेल्या आठवड्यात जिंतूरहून एका विद्यार्थिनीच्या आईचा फोन आला. त्यांनीही हेच विचारलं, आणि मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमचा धाकटा बारावीला आहे. दोघांचं जमंल का हो?" मी नेहमीचं उत्तर देऊन फोन ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं उत्तर खोटं नाही, पण ते अर्धं आहे, आणि अर्ध्या उत्तरावर एखादं घर निर्णय घेणार असेल तर उरलेलं अर्धंही सांगायला हवं.

आधी हिशोब. मी जुलै २०१९ मध्ये नोंदणी केली तेव्हा जेआरएफ महिना ३१,००० रुपये होती. दोन वर्षांनी समिती बसते, प्रगती पाहते आणि तिची एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, करते. ती तेव्हा ३५,००० होती. जानेवारी २०२३ पासून हे आकडे ३७,००० आणि ४२,००० झाले. वर घरभाडं. आमच्या घरात एवढा पगार कुणी कधी पाहिला नव्हता. त्यामुळे "तुला काय, सरकार पोसतंय" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसायचे. आकडा खराच होता.

पण नेट पास होणं म्हणजे फेलोशिप मिळणं नव्हे, हे मला अजून दर वर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं. जून २०२४ पासून तर नेटच्या निकालात तीन गट आहेत. पहिल्या गटाला फेलोशिप. दुसऱ्या गटाला सहायक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएच.डी.चा प्रवेश. तिसऱ्याला फक्त प्रवेश. पेढे तिन्ही गटांच्या घरी वाटले जातात. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था आहेत, पण जागा आणि अर्ज यांचं गणित बसत नाही. २०२३ साली आझाद मैदानात मुलं आंदोलनाला बसली ती यासाठीच. त्याच वर्षी हिवाळी अधिवेशनात पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असा सवाल झाला. तो ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. बँकेचं शैक्षणिक कर्ज? इतिहासातल्या पीएच.डी.साठी कर्ज काढून ते कशातून फेडायचं, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

आणि एक उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. "बाबासाहेबांनी परदेशात उपाशी राहून अभ्यास केला, तुम्हाला फेलोशिप कशाला लागते?" ज्यांचं नाव आपण घेतो त्यांचा हिशोब तरी नीट वाचावा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून पुढे लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पगार साठवला, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली ते पुन्हा गेले. मागे मुंबईत घर कुणी ओढलं? रमाईंनी. बुद्धी तीच होती, जिद्द तीच होती, तरी पैसे थांबले तेव्हा अभ्यास थांबला. आणि पैसे नव्हते तेव्हा घरातलं दुसरं कुणीतरी ते मोजत होतं.

हे मला भाषणात सांगता येतं. स्वतःबद्दल सांगताना मात्र मी फेलोशिपवर थांबते.

माझी पहिली रक्कम नऊ महिन्यांनी आली. नेटच्या प्रमाणपत्रावर माझं आडनाव आधी होतं, आधारवर शेवटी. जॉइनिंगचे कागद गेले, परत आले, पुन्हा गेले. दर महिन्याला हजेरीवर गाईडची सही, मग विभागप्रमुखांची, मग कार्यालयात एक जण पोर्टलवर भरतो तो मेकर, दुसरा मंजूर करतो तो चेकर. माझं नावच पोर्टलवर चढलं नव्हतं, त्यामुळे सह्यांचे कागद नुसते साठत होते. नोकरी करायची नाही असं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं. त्याआधी मी विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात महिना ८,००० वर शिकवत होते. ती नोकरी मी एप्रिलअखेर सोडली होती.

त्या नऊ महिन्यांत मला माझ्या भावानं पोसलं.

तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. तेव्हा परभणीत पॉलिटेक्निकला होता, मेकॅनिकल, दुसरं वर्ष संपवून तिसऱ्यात जाणार. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला की तो चाकणला एका कंपनीत सुट्टीपुरतं काम करतोय, ताई तू पैशाचं बोलू नकोस, मी बघतो. ऑगस्टमध्ये कुठली सुट्टी असते, हे मी विचारलं नाही.

ऑक्टोबरमधला एक रविवार. तो पुण्यात माझ्या हॉस्टेलच्या गेटवर आला. मी खाली गेले, आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. त्यानं खिशातून ७,००० रुपये काढले, पाचशेच्या चौदा नोटा, रबर लावलेल्या. पैसे काढताना खिशातलं ओळखपत्रही बाहेर आलं आणि बाकावर पडलं. कंत्राटदाराचं कार्ड होतं. फोटो, रक्तगट, आणि खाली तारीख: ८ जुलै २०१९.

मी ती तारीख वाचली.

माझा विषय १९७२ च्या दुष्काळातली कामं आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी. मस्टरवरच्या, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावरच्या, तारखा वाचणं हेच माझं शिक्षण. कुठल्या पंधरवड्यात कोण कामावर आलं, कुणाचा अंगठा आहे, कुणाचा नाही, यावरून मी घरं ओळखत होते. ८ जुलै म्हणजे तिसऱ्या वर्षाचे प्रवेश चालू असताना हा मुलगा चाकणला उभा होता, हे कळायला मला एक क्षण पुरला. मी कार्ड उचलून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "परीक्षा कधी आहे तुझी?" तो म्हणाला, "आहे दिवाळीनंतर." मी म्हटलं, "अभ्यास कर." त्यानं मान हलवली. तो बस पकडायला गेला, मी मेसचे पैसे भरायला गेले.

इतकी वर्षं मी घरात आणि मनातही असंच सांगत आले की मला माहीत नव्हतं, त्यानं लपवलं. त्यानं लपवलं हे खरं आहे. मला माहीत होतं हेही खरं आहे. तेव्हाची मी आज समोर आली तर म्हणेल, तू काय करणार होतीस? नोंदणी रद्द करून परत गेली असतीस तर त्याचं वर्ष वाचलं असतं का? ८,००० ची जागा तोवर दुसऱ्या कुणाला गेलेली होती. मला तिचं म्हणणं खोडता येत नाही. पण निदान विचारायचं तरी होतं. त्यानं खोटं सांगितलं असतं, तरी मी विचारलेलं असतं.

पुढच्याच महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका आजींची मुलाखत घेत होते. वय ऐंशीच्या पुढे. दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडलेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. मी दोन तास प्रश्न विचारले. शेवटी त्यांनी मला एकच विचारला, "आन् तुला याची हजरी किती पडती बाई?" मी म्हटलं, "सध्या काही नाही आजी. भाऊ देतो." त्या म्हणाल्या, "मंग त्याचं नाव लिव्ह त्यात." पुण्यात कुणाला जे सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगून बसले होते.

थकलेली रक्कम एप्रिल २०२० मध्ये एकदम आली. दोन लाख एकोणऐंशी हजार, वर घरभाडं. लॉकडाऊन होता, गावं बंद, मुलाखती बंद. मी त्यातले एक लाख भावाला पाठवले. त्यानं ते वडिलांच्या नावावरचं सोसायटीचं कर्ज भरायला दिले. पॉलिटेक्निकचं नाव मीही काढलं नाही आणि त्यानंही नाही. पुढे एसआरएफच्या वेळी पुन्हा सहा महिने फाइल अडली, पण तोवर माझ्याकडे साठवलेले होते.

२०२४ मध्ये प्रबंध सादर केला. ऋणनिर्देशात फेलोशिपचं नाव पहिल्या परिच्छेदात आहे. भावाचं नाव दुसऱ्या पानावर, "कुटुंबीय" या शब्दानंतर, आईवडिलांच्या पाठोपाठ. आजींनी सांगितलं होतं ते एवढंच मी केलं. मी आज तासिका तत्त्वावर शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकांच्या भरतीसाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती, त्या भरवशावर आमची पिढी यात उतरली. २०२३ च्या जुलैत ती सक्ती काढली गेली. भाऊ अजून चाकणलाच आहे, कंपनी बदलली, कंत्राट तेच.

तेव्हा जिंतूरच्या ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फेलोशिप मिळेल, बहुतेक उशिरा मिळेल. मुलीच्या सगळ्या कागदांवर नाव एकाच क्रमानं आहे का, ते आजच पाहा. पहिल्या वर्षाचा खर्च हातात असल्याशिवाय तिला असलेली नोकरी सोडू देऊ नका. आणि धाकट्याची फी आधी बाजूला काढा, त्याच्या नावानं, जिला हात लावायचा नाही अशी. तिला पाठवूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. मी त्या आजींकडे गेले नसते तर त्यांचं बोलणं कुठेच राहिलं नसतं, आणि ते राहायला हवं होतं असं मला आजही मनापासून वाटतं. ते माझ्या भावाच्या तिसऱ्या वर्षाएवढं मोलाचं होतं का, हे मला विचारू नका.

हे लिहून झाल्यावर मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. तुझं नाव घातलेलं नाही, पण तुझी गोष्ट आहे, छापू का, म्हणून विचारलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "टाक ना. पण तारीख चुकलीय ताई. कार्ड नंतर मिळतं. मी जूनमध्येच लागलो होतो."

जूनमध्ये फेलोशिप अडकलेली नव्हती. माझी नोंदणीही झाली नव्हती. मी फक्त नोकरी सोडली होती.