श्रावणात न सादळलेल्या चॉकलेट सुरळ्या

राखीच्या ऑर्डरी नेमक्या श्रावणात येतात आणि चिपळूणच्या श्रावणात कुरकुरीत गोष्ट संध्याकाळपर्यंत कुरकुरीत ठेवणं हेच खरं काम असतं, बेकिंग त्यामानाने सोपं. यंदा एका ताईंनी मागितलेलं म्हणजे कळसच होता. पातळ, जाळीदार, गोल गुंडाळलेल्या कुकीज आणि आत चॉकलेट, पंधरा पॅक, प्रत्येकात आठ, नारळी पौर्णिमेच्या आधी मुंबई-पुण्याला पोचायला हवेत आणि त्यात अंडं अजिबात चालणार नाही.

एरवी अशा सुरळ्या मी अंड्याच्या पांढऱ्यावर करते. अंड्याचा पांढरा भाग, साखर, लोणी, मैदा सगळं सारख्या वजनाचं, पातळ पसरायचं, कडा सोनेरी झाल्या की काढून गुंडाळायचं. अंडं नाही म्हटल्यावर मी इंग्लंडमधल्या ब्रँडी स्नॅप्स नावाच्या जाळीदार कुकीजकडे वळले, त्यात मुळातच अंडं नसतं. लोणी, साखर, गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) आणि मैदा 50-50 ग्रॅम, चिमूटभर सुंठ, थोडं लिंबू, बस. गोल्डन सिरपच्या जागी मी कुंभार्ली घाटावरून येणारी काकवी वापरते, चव फार सुंदर लागते सुंठेबरोबर. पण काकवीतली साखर हवेतलं पाणी पटकन ओढून घेते म्हणून पावसाळ्यात अर्धी काकवी आणि अर्धं लिक्विड ग्लुकोज, जे पाणी तितकं ओढत नाही, आणि काकवी पातळ असेल तर आधी थोडी आटवून घ्यायची. हा फरक छोटा वाटतो पण पावसात फार उपयोगी पडतो.

ताईंचा आणि माझा खरा वाद पॅकिंगवरून झाला. त्यांनी बांबूच्या इतक्या देखण्या टोपल्या करून घेतल्या होत्या, वर नेटचं कापड, रिबीन, आणि त्यातून कुकीची जाळी दिसली पाहिजे असा हट्ट. मी म्हटलं ताई, टोपलीला सगळीकडून हवा लागते, पुण्यात उघडेपर्यंत सादळतील सगळ्या. त्या म्हणाल्या अगो एका रात्रीचा तर प्रश्न आहे. मी म्हटलं उद्या दुपारी या, दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता आणि आर्द्रतेचा मीटर नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता. खिडक्या बंद, एसी चालू, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) 180 अंशांवर. मदतीला शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांनी ओव्हनमधलं काही कधी केलेलं नाही पण त्यांची सुरळीची वडी आख्ख्या आळीत प्रसिद्ध आहे, ताटाच्या उलट्या बाजूवर बोटभर जागेतसुद्धा थर जाड राहणार नाही अशी. मी मुद्दाम त्यांनाच बोलावलं होतं, कारण ही कुकी गुंडाळायलाही तसाच हात लागतो, फक्त इथे वेळ फार कमी मिळतो.

ट्रेवर पाचच ठेवता येतात, एक चमचा मिश्रण पसरून तळहाताएवढं होतं. दहाबारा मिनिटांत बुडबुडे येऊन जाळी पडते, रंग गडद सोनेरी होतो. बाहेर काढल्या काढल्या हात लावला तर चिरफाळ्या, उशीर झाला तर काचेसारखी कडक. मधला अर्धाएक मिनिट आपला. साखर गरम असते तोवर वाकते, गार होताना आहे त्या आकारात घट्ट होते. वहिनींनी घरून पापडाचं बारीक लाटणं आणलं होतं, त्याला तूप लावून पहिली कुकी त्यांनी अशी अलगद गुंडाळली की मी बघतच राहिले. हातमोजे दिले तर म्हणाल्या, "नको गो, मोज्यातून कळत नाही कधी वळायची ते." पाचवी कडक झाली तर ट्रे अर्धा मिनिट परत आत, की पुन्हा मऊ.

निम्म्या झाल्या आणि लाईट गेली. एक ट्रे आत होता, फिका. दार उघडू नका म्हटलं आणि तो तसाच ठेवला. एसी बंद, मीटर वर चढायला लागला, झालेल्या सुरळ्या लगेच हवाबंद डब्यात घातल्या आणि तोवर चॉकलेट करून घेऊ म्हटलं कारण त्याला गॅस पुरतो. डार्क चॉकलेट गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून 45 अंशांपर्यंत वितळवायचं, त्यात बारीक चिरलेलं चॉकलेट घालून 28 ला आणायचं आणि मग परत 31-32. यात घाई केली की वरून पांढुरके डाग पडतात आणि चॉकलेट तुटताना कट्ट वाजत नाही. वाफेचा एक थेंब जरी आत गेला तरी गोळा होतो, म्हणून वरचं भांडं मी नेहमी खालच्यापेक्षा मोठं घेते. लवकर सेट व्हावं म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा मोह होतो पण या हवेत बाहेर काढताच वर पाणी सुटतं, साखर वर येते.

पाइपिंग बॅगने नुसतं भरलं तर जाळीतून चॉकलेट बाहेर गळतं. म्हणून आधी बारीक ब्रशने आतून पातळ हात द्यायचा, तो सुकला की मगच भरायचं, आणि दोन्ही टोकं बुडवायची. हा आतला थर मी नुसता चवीसाठी देत नाही. कोकोआ बटरमधून, म्हणजे चॉकलेटमधल्या चरबीतून, पाणी सहज जात नाही, त्यामुळे निदान आतल्या बाजूने कुकीला हवा लागत नाही. बाहेरची बाजू उघडीच राहते, जाळी दिसायला हवी ना, मग तिला डबाच हवा.

चारच्या सुमारास ताई आल्या, भिजलेल्याच. मी सकाळच्या पहिल्या घाण्यातल्या दोन सुरळ्या बाजूला काढल्या होत्या, एक त्यांच्याच टोपलीत नेटखाली आणि एक पत्र्याच्या डब्यात, फूड ग्रेड सिलिका जेलच्या पुडीबरोबर, झाकणाला टेप लावून. टोपलीतली त्यांनी उचलली तर बोटाला चिकटली आणि वाकली, तुटलीच नाही. डब्यातली मोडली तेव्हा आवाज वहिनींना ओट्यापाशी ऐकू गेला. ताई काही बोलल्या नाहीत, टोपली हातात घेऊन मापं बघायला लागल्या. डबा आत बसत होता, जेमतेम.

लाईट आल्यावर तो फिका ट्रे परत तापवला, रंग भरला आणि त्याही पाची छान वळल्या. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी करत होतो, वहिनींच्या घरचे दोनदा बोलावून गेले पण त्या काही हलल्या नाहीत. सकाळच्या गाडीने पार्सलं गेली. पुण्याहून ताईंच्या भावाचा फोन आला तो थेट माझ्याच नंबरवर, अजून दोन डबे मिळतील का म्हणून. गणपतीसाठी ताईंची ऑर्डर आता आलीये, सुंठेऐवजी जायफळ हवंय त्यांना, आणि टोपल्या ह्यावेळी डब्याच्या मापाच्या करून घेतल्यात.