गाडीत टाकलेली वळकटी

आपली शाळा पालखी मार्गावरची. बरडचा मुक्काम हलवून माउलींचा सोहळा धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येतो आणि संध्याकाळी नातेपुत्यात उतरतो. त्या दिवशी बाकं भिंतीला लावून वर्ग दिंड्यांना मोकळे करून द्यायचे, हे आपल्या प्रत्येक तुकडीनं केलेलं काम. या स्मरणिकेत गुरुजनांच्या आठवणी पुष्कळ येतील. मी दिंडीच्या व्यवस्थेबद्दल लिहितो, कारण पुरावा हातात नसताना विश्वास कसा चालतो, ते तिथं उघड्यावर पाहायला मिळतं.

वारकरी पहाटे अंघोळ उरकतो, वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये टाकतो आणि चालायला लागतो. पावती नाही, कुलूप नाही. भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, आधीच भरलेली. आज राहुटी कुणाच्या रानात पडणार, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पुणे-सासवड टप्पा दिवेघाट धरून 30 किलोमीटरच्या आसपास भरतो. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ट्रक नजरेलाही पडत नाही. तरी कुणी मागं वळून बघत नाही.

हा विश्वास हवेत लटकत नसतो, हे मात्र नीट बघायला हवं. रथापुढं 27 दिंड्या, बाकीच्या रथामागं, आणि प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीत पुढं पताकावाले, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागं तुळस नि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. क्रम मोडत नाही म्हणूनच चुकलेल्या माणसाला जुने वारकरी सांगतात, की गर्दीत धावू नका, कडेला उभे राहून जाणाऱ्या दिंड्यांचे क्रमांक बघत राहा. धावणारा माणूस आपल्याच दिंडीच्या पुढं निघून जातो आणि मग रात्र होईपर्यंत सापडत नाही.

बिघडतं तेही ठरलेलं आहे. पाऊस लागला की काळ्या रानात राहुटीच्या खुंट्या धरत नाहीत. लांब खुंटी खोल ठोकावी लागते आणि राहुटीभोवती चर काढावा लागतो, नाहीतर मध्यरात्री पाणी अंथरुणात. सामानाचा ट्रक गर्दीत अडकला की स्वयंपाकाची भांडी अडकतात आणि जेवण लांबतं. वळकट्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून नाव आणि दिंडी क्रमांक कापडावरच रंगानं लिहावा. चिकटवलेला कागद पहिल्या पावसात जातो. सर्वात वाईट चूक म्हणजे रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या वळकटीत ठेवणं. गोळ्या, चष्मा, पाण्याची बाटली, मेणकापड, आणि दिंडी क्रमांक नि व्यवस्थापकाचा फोन लिहिलेली चिठ्ठी खांद्यावरच्या पिशवीतच हवी. भक्ती कितीही मोठी असली तरी या पिशवीला पर्याय नाही.

संध्याकाळी तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंच धरला की हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जातात, म्हणणं ऐकलं जातं. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचे पैसे, कुणाचं घड्याळ, कुणाचा म्हातारा बाप. मला या सबंध सोहळ्यात सर्वात मोलाची वाटते ती ही जागा. विश्वासावर चालणाऱ्या लाखोंच्या मेळ्यानं तक्रारीसाठी रोजची वेळ राखून ठेवली आहे, आणि तीही आरतीतच.

म्हणून भिशीचा हिशेब मागणाऱ्याला ‘माउलींवर विश्वास नाही का?’ म्हणून गप्प बसवणारा व्यवस्थापक दिसला, तर पुढच्या वर्षी दिंडी बदलावी. माणसाचा हिशेब घ्यावा. त्यानं विठ्ठलाचं काही उणं होत नाही.

पण देवावरच्या श्रद्धेसाठी दिंडीचा हा दाखला अपुरा पडतो, तेही सांगायला हवं. वळकटी संध्याकाळी हाती येते, म्हणजे सकाळच्या विश्वासाचा निकाल रोज लागतो. देवाच्या बाबतीत तो लागत नाही. नातेपुत्याहून पुढं पुरंदावड्याजवळ, सदाशिवनगरला, पहिलं गोल रिंगण होतं. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. त्यावर माउली स्वार आहेत हे दाखवून देता येत नाही, आणि कुणी तसा प्रयत्नही करत नाही. अश्व गेला की लोक टापेखालची माती कपाळाला लावतात. पण तीच माणसं आळंदीपासून अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणत, त्याच्या भरवशावर सामान सोडत आलेली असतात. संध्याकाळी वळकटी परत देणाऱ्या माणसांच्या संगतीत राहून मोकळ्या खोगिराकडे तसं बघायला जमतं, असं मला वाटतं. संगत बिघडली तर श्रद्धा आधी कोरडी पडते, वाद नंतर सुरू होतात.

महोत्सव समितीला एक विनंती. पालखीच्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर त्या रात्री कुठल्या वर्गात कुठली दिंडी आहे, ते मुलांकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्यावं. शेजारी सापडलेल्या वस्तूंची वही आणि एक टेबल ठेवावं. वस्तू आणि सापडल्याची जागा एवढीच नोंद पुरे. खूण विचारायची ती मागायला आलेल्याला. आणि फळा पावसाच्या माऱ्यात येतो, तेव्हा तो व्हरांड्यात घ्यायला विसरू नये.