खर्ज कुठं गेला? गाडीच्या साऊंडची नोंद, भाग दुसरा

मागच्या नोंदीत ठरवलं होतं, आधी अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घ्यायचा, मग स्पीकर. तो बेत बदलला. दोन महिन्यांत एकही स्पीकर घेतलेला नाही, तरी गाडी पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली वाजतेय. हे कसं झालं ते सविस्तर लिहितो, कारण याच वळणावर आपल्यातले बरेच जण चुकीच्या क्रमानं पैसे घालतात.

गाडी तीच, २०१६ ची स्विफ्ट. रोज खानापूर ते उद्यमबाग, म्हणजे बेळगावची औद्योगिक वसाहत, आणि परत. गणेबैल, प्रभुनगर, मच्छे, पिरनवाडी असा रस्ता. निवांत ऐकायला मिळतं ते एवढंच. घरी आल्यावर तेवढी सलग वेळ मिळत नाही. ऐकतो ते मुख्यतः शास्त्रीय गाणं, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, आणि आप्पांमुळे पखवाजावरची भजनं. धमाकेदार ठेक्याचं संगीत साध्या सिस्टीमवरही बरं लागतं. तानपुऱ्याचं तसं नाही. त्याची जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, सगळी वरच्या स्वरांशांत असते आणि खर्जाचा, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा, पाया पार खाली. दोन्ही एकाच वेळी नीट आले तरच तो तानपुरा वाटतो, नाहीतर नुसती गुणगुण. म्हणून परीक्षेला मी तानपुराच धरलाय. कुमारजी तर सुळेभावीत जन्मलेले, आपल्या बेळगावच्या मातीतले. त्यांचा तानपुरा आपल्याच गाडीत बेसूर लागावा हे मला खरंच सहन होत नव्हतं.

एका रविवारी आप्पांना घेऊन जांबोटीला निघालो होतो. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात, कान पक्का आहे. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) नुसता तानपुरा लावला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "तीन तारा ऐकू यायल्यात. चौथी कुठं हाय रे? खर्ज कुठं गेला?"

मी म्हटलं, "स्पीकर बारके आहेत आप्पा, बदलणार आहे."

"बारके असूदेत की. घरातला रेडिओ ह्याच्यापेक्षा बारका, त्यात येतोय बघ."

ते बोलणं डोक्यात राहिलं. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झ. खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. आपल्या दारातला साडेसहा इंची स्पीकर ६९ हर्ट्झ अगदी ताकदीनं नसला तरी देऊ शकतो. मग तो जातो कुठं?

पहिलं उत्तर दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलनं दिलं. हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला प्लेअर, बाहेर काढलं, सॉकेट सोडवला, आणि स्पीकरला जाणाऱ्या वायरींच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला. प्लसला प्लस लागला की स्पीकरचा कोन (पुढंमागं हलणारा पडदा) बाहेर यायला हवा. उजव्या दारात बाहेर आला. डाव्या दारात आत गेला. म्हणजे चार वर्षं एक दार हवा ढकलत होतं तेव्हा दुसरं ओढत होतं, आणि खालचे स्वर गाडीच्या मध्यावर एकमेकांना खाऊन टाकत होते. हेड युनिट ज्या दुकानात बसवून घेतलं होतं तिथं मूळ सॉकेट कापून, वायरी पिळून वर टेप गुंडाळली होती. बेस कमी वाटतोय म्हणून मी तिथं दोनदा गेलो होतो. दोन्ही वेळा सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) घ्यायचा सल्ला मिळाला. याचा मला मनापासून राग आला, कारण दुरुस्तीला लागलं सोल्डर आणि चार इंच स्लीव्ह. तपासताना सेल हेड युनिटच्याच टोकाला लावा. स्पीकरवर लावलात तर मधली वायर तपासलीच जात नाही.

एवढ्यानं खर्ज अर्धा परत आला. उरलेला दारात होता.

६९ हर्ट्झची लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते. कोन पुढं जातो तेव्हा पुढं हवेचा दाब वाढतो, मागं तितकाच कमी होतो. एवढ्या लांब लाटेपुढं दार अगदीच छोटं, म्हणून मागची हवा दाराच्या भोकांतून पुढं आली की हिशेब शून्य. आणि आपल्या गाड्यांच्या दारांच्या आतल्या पत्र्याला ताट मावेल एवढी भोकं, वर नुसता प्लास्टिकचा पातळ कागद. कितीही महाग स्पीकर अशा दारात घाला, खाली तो दुबळाच राहणार. दार ही स्पीकरची पेटी आहे, आणि पेटी फुटकी असली तर भात्यानं कितीही हवा मारून सूर टिकत नाही, हे आप्पांना एका वाक्यात पटलं.

म्हणून दोन शनिवार दारांवर गेले. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटिलच्या (चिकट रबराच्या) शीट, पण सगळीकडे नाहीत. पत्रा बोटानं वाजवून जिथं डब्यासारखा घुमतो तिथंच, निम्म्याहून कमी भागावर. तेवढ्यानं घुमणं थांबतं, बाकीचं नुसतं वजन. आतला पत्रा मात्र पूर्ण बंद केला. मोठ्या भोकावर दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा स्क्रूनं बसवला, कडेला ब्युटिल, म्हणजे उद्या काचेची मोटर गेली तर उघडता येईल. डांबराच्या स्वस्त शीट घेऊ नका, उन्हात मऊ होऊन सुटतात.

आपल्याकडच्यांसाठी एक गोष्ट ठासून सांगतो. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, गाडीची रचनाच तशी आहे. ती भोकं शीटनं बुजवलीत तर खानापूरच्या पावसात दार पाण्यानं भरेल. कणकुंबीकडं जाणाऱ्यांनी तर बॅटरीच्या उजेडात प्रत्येक भोक मोजून बघावं. त्याच पावसासाठी स्पीकरखालची रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) नको. ओल लागली की फुगते, स्क्रू ढिले होतात, हवा पुन्हा गळायला लागते.

मी रिंगा एचडीपीईच्या (टणक प्लास्टिकच्या) करून घेतल्या. इथं उद्यमबागेत काम करत असल्याचा फायदा मिळाला. काच पूर्ण खाली घेऊन मोजलं तर खोली ६२ मिलिमीटर, आणि मनात असलेल्या स्पीकरला लागते ६५. काचेला थोडी मोकळीक हवीच, म्हणून १८ मिलिमीटर जाडीची रिंग ठरवली. लेथवरच्या मामांना कागदावर चित्र काढून दिलं. "आगतैति बिड्री," (होऊन जाईल, सोडा) असं कानडीत म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोन रिंगा हातात, आतली कड तिरकी घासलेली, कोनामागची हवा मोकळी खेळावी म्हणून. ते मी सांगितलंही नव्हतं.

आता अ‍ॅम्पकडं. माझ्या हेड युनिटवर ५० वॅट गुणिले चार असं छापलंय. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट धरा, स्पीकर ४ ओहमचा. आतल्या साध्या चिपला खणखणीत न फाटता देता येणारी कमाल मर्यादा २६ वॅटच्या आसपास येते, प्रत्यक्षात आणखी कमी. ताकद दुप्पट झाली की वाढ ३ डेसिबलचीच, म्हणून मोठ्या आवाजासाठी मला अ‍ॅम्प नकोच आहे. तान वर चढताना आवाज फाटू नये आणि प्रत्येक दाराला वेगळा विलंब देता यावा, यासाठी हवा.

विलंबाचं गणित टेपनं केलं. माझ्या कानापासून उजव्या दाराचा स्पीकर ८५ सेंटिमीटर, डावा १३५. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे डावा दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. उजव्याला तेवढं थांबवलं की गाणारा माझ्या उजव्या गुडघ्यापाशी न बसता डॅशबोर्डच्या मध्यावर बसेल. हेड युनिटमध्ये ही सोय नाही. म्हणून डीएसपी (असा विलंब देणारी चिप) आतच असलेला चार चॅनेलचा अ‍ॅम्प घेणार, चॅनेलला खरे ५०-६० वॅट आरएमएस, म्हणजे सतत टिकणारी ताकद.

चारही चॅनेल पूर्ण चालले तर ओढ २२ अँपिअरच्या घरात जाते. तांब्याची १० चौरस मिलिमीटरची वायर, ३० अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, अ‍ॅम्पसाठी नव्हे, त्यामुळे तो अ‍ॅम्पजवळ लावून उपयोग नाही. वायर घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, तिचा रोध जास्त. अर्थिंग रंग घासून उघड्या पत्र्यावर, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ तानपुऱ्यातच मिसळते.

सबवूफरचा निर्णय पुढं ढकललाय. पखवाजाच्या धुम्म्यासाठी कधीतरी आठ इंची सीटखालचा लागेल असं वाटतं. पण दारं बंद झाल्यावर काय उरतं ते आधी ऐकायचंय. तोवर दारांना ६० हर्ट्झखाली काही पाठवणार नाही. बरेच जण ८० सुचवतात. तिथं कापलं तर माझी चौथी तारच कमजोर होते.

ब्लूटूथ सोडून पेनड्राईव्हवर फ्लॅक (आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या फाइल) ठेवल्यानं जवारी थोडी मोकळी झाली. जुन्या टेपवरून घेतलेल्या गाण्यांत मात्र काहीच फरक नाही.

परवा पुन्हा आप्पांना बसवलं, तोच तानपुरा. उजवं दार पूर्ण झालंय, डाव्याचे प्लास्टिकचे तीन क्लिप तुटल्यामुळं पॅनेल अजून मागच्या सीटवर. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, मग हात उजव्या दाराला टेकवला. "हितं हाय. तिकडं अजून नाही." क्लिप गुरुवारी मिळणार आहेत.