'काका, बॅक टू बॅक' आणि माझं चौदावं प्रकरण

पुण्यात सदाशिव पेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आठ बाय बाराची जागा, दोन मशिनं, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशन, स्पायरल, पासपोर्ट फोटो. आणि गेले चौदा महिने त्याच काउंटरमागे बसून मी कादंबरी लिहितोय, आयुष्यातली पहिलीच. परवा एका जुन्या मित्रानं फोनवर विचारलं की दुकान सांभाळून तू लिहितोस तरी कसा, आणि तेव्हा समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून त्याला नीट सांगता आलं नाही, तर ते आज इथे सविस्तर लिहितो. माझ्यासारखे दुकानात, ऑफिसात, घरात पोरंबाळं सांभाळत लिहिणारे बरेच असणार, त्यांना कदाचित उपयोग होईल.

आधी कादंबरीबद्दल. ती पानशेतच्या पुरावर आहे. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, ते पाणी खाली खडकवासल्यात आलं, मग तेही धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, लकडी पूल पाण्याखाली गेला. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या धरणावर वाळूची पोती रचत होते आणि खाली शहरात बहुतेकांना काही पत्ताच नव्हता, ही गोष्ट मला लहानपणापासून झोपू देत नाही. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती, नारायण पेठेत वाड्यात राहायची. तिचे वडील म्हणजे माझे आजोबा एका छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायचे. पूर ओसरल्यावर छापखान्यात गेले तर खिळे ठेवायचे कप्प्याकप्प्यांचे ट्रे गाळानं भरलेले. आता देवनागरीला जोडाक्षरं, काने, मात्रा सगळं धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात, ते सगळे गाळातून काढून, बादलीत धुऊन, एकेक ओळखून परत आपापल्या कप्प्यात टाकायचे. आजोबा आणि त्यांच्याबरोबरची माणसं कितीतरी दिवस तेच करत बसली होती. माझी कादंबरी त्या बादलीपाशी सुरू होते.

आई आता शहात्तर वर्षांची आहे आणि तिचं विसरणं वाढत चाललंय. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही पण वाड्याच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या ते सांगते. म्हणून मला घाई आहे. ही कादंबरी तिला वाचून दाखवायची आहे, तिला ती आपली वाटतेय तोपर्यंत.

आता लिहिण्याचं. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं, पहाटे साडेचारचा गजर. अकरा दिवस लिहिलं, बरंही झालं, पण दुपारनंतर डोळे मिटायला लागले आणि एकदा दोन जणांच्या अॅफिडेव्हिटची पानं एकमेकांत मिसळून दिली मी. त्यातल्या एकाला कोर्टातून परत यावं लागलं, त्याचा सगळा दिवस गेला. त्या दिवशी ठरवलं की झोप मारून लिहायचं नाही, कारण त्याची किंमत आपण एकटे देत नाही. त्याच्याही आधी, २०२३च्या नोव्हेंबरमध्ये, परदेशात एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायचा जो उपक्रम निघाला होता तो करून पाहिला होता. १९९९ला सुरू झालेला, आता बंद पडला. रोजचे साधारण १६६७ शब्द. वसुबारसेला थांबलो. ज्यानं तो महिना निवडला त्याच्या घरी दिवाळी नव्हती आणि आपल्याकडे त्या वर्षी दिवाळी बरोब्बर नोव्हेंबरात आलेली, पाहुणे, फराळ, दुकानात वर्षाचे हिशोब, कसं जमणार. आपली पद्धत आपल्या घरातूनच काढावी लागते हे मला तेव्हा कळलं.

मग दुकानातच लिहायचं ठरवलं. पण दुकानात काय होतं ते सांगतो. आमच्या पेठेत अभ्यासिका भरपूर, एमपीएससीची पोरं दिवसभर येतात, 'काका, बॅक टू बॅक' (म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंना), 'काका, एवढी दहा पानं', 'काका, पीडीएफ व्हॉट्सअॅपला टाकलीय'. म्हणजे व्हॉट्सअॅप बंद ठेवता येत नाही, तेच तर माझं गिऱ्हाईक आहे. पैसे जमा झाले की काउंटरवरचा यूपीआयचा डबा बोलतो. आईचा दिवसातून चार-पाच वेळा फोन येतो, तो मी कधीही कट करत नाही. जून-जुलैत अॅडमिशनचा सीझन, दाखले, मार्कशीट, जातीचे दाखले, प्रत्येकाचे पाच-पाच सेट, तेव्हा तर बसायलाही मिळत नाही. एका पेपरात वाचलं होतं की लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मला दुसरी खोलीच नाही.

एक आठवडा मी एक काम केलं. पानाच्या समासात वेळ लिहीत गेलो, कधी उठलो, कधी परत बसलो आणि परत बसल्यावर पहिलं नवं वाक्य कधी लिहिलं. आठवड्यानंतर बघितलं तर गिऱ्हाइकाला लागत होती तीन-चार मिनिटं, आणि त्यानंतर पुन्हा कादंबरीत शिरायला मला लागत होती पंधरा-वीस मिनिटं! म्हणजे मी दोष देत होतो गिऱ्हाइकाला आणि वेळ जात होता परत येण्यात. हे एकदा दिसल्यावर माझं सगळं लक्ष तिकडे गेलं. लोकांना येण्यापासून थांबवणं माझ्या हातात नाही, थांबवायचंही नाही, पोट त्यावर आहे, पण परतीची वाट छोटी करणं माझ्या हातात आहे.

यात आजोबा कामाला आले. आई सांगते की ते खिळे जुळवताना कुणी हाक मारली तर लगेच उठायचे नाहीत, हातातली ओळ कुठल्या शब्दावर आहे तो शब्द मोठ्यानं म्हणायचे आणि मगच उठायचे, आणि परत येतानाही तोच शब्द पुटपुटत यायचे. मी तेच कागदावर करतो. समोर कुणी आलं की 'एक मिनिट हं' म्हणतो आणि पुढचे दोन-तीन शब्द खरडतो, वाक्य नाही, फक्त दिशा. 'बादली सांडते', 'काकू खोटं बोलते', 'आता पाऊस थांबलेला'. एवढं असलं की परत आल्यावर मला विचार करावा लागत नाही, पेन उचललं की सुरू. एका मिनिटाला कुणी नाही म्हणत नाही, चौदा महिन्यांत एकदाही नाही.

आणि वाक्य अर्धं सोडायचं, मुद्दाम. प्रकरण संपवून दुकान बंद केलं की दुसऱ्या दिवशी कोरा कागद बघून हात चालत नाही, पण अर्धं वाक्य रात्रभर डोक्यात राहतं. ब्लूमा झायगार्निक म्हणून एक मानसशास्त्रज्ञ होत्या, बर्लिनला शिकत होत्या, १९२७ साली त्यांनी यावर लिहिलं की अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. असं सांगतात की हॉटेलातल्या वेटरला बिल न दिलेल्या ऑर्डरी तोंडपाठ असतात आणि पैसे मिळाले की तो विसरतो, तिथून त्यांना हे सुचलं. नंतरच्या संशोधकांना हे दर वेळी तसंच आढळलं नाही म्हणे, पण कुठल्याही दुकानदाराला विचारा. माझ्याकडे कुणाची किती उधारी आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, आणि चुकती केली की त्या माणसाचा चेहरासुद्धा पुसट होतो. तर मी रोज रात्री कादंबरीची थोडी उधारी ठेवून शटर ओढतो.

परत बसल्यावर मागच्या फक्त तीन ओळी वाचायच्या, त्याच्या वर जायचं नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं. मागचं पान वाचलं की हा शब्द बदलू, ते वाक्य काढू असं होतं आणि बघता बघता संध्याकाळ. पहिला खर्डा आहे, खराब असणारच, तो पूर्ण असणं एवढंच त्याचं काम आहे. मी कॉम्प्युटरवर लिहीत नाही तेही याचसाठी. डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवण्याचं, काम केल्यामुळे टायपिंग हाताला आहे, पण स्क्रीनवर व्हॉट्सअॅप उघडं असतं आणि स्क्रीनवर खोडणं फार सोपं असतं. म्हणून एका बाजूनं कोरे, वाया गेलेल्या प्रिंटचे कागद. मागे कुणाचं तरी हॉल तिकीट, कुणाचा भाडेकरार अर्धा छापलेला. फुकटचे कागद असल्यामुळे हात घाबरत नाही, छान कोऱ्या वहीत मी दोन महिने एक पान लिहू शकलो नव्हतो. एका पानात साधारण पावणेदोनशे शब्द बसतात, रोजची दोन पानं हे माझं ठरलेलं, सीझनमध्ये त्याच्या निम्मं, आणि पुष्कळ दिवस तेही होत नाही. आजवर २१२ पानं झाली.

पण खरं सांगू का, या सगळ्यापेक्षा मोठा व्यत्यय दुसराच निघाला, तो म्हणजे माहिती. गिऱ्हाईक तर निघून जातं, माहिती जात नाही. एका प्रसंगात मुलगी दुकानात काडेपेटी आणायला जाते. मग प्रश्न आला की १९६१ला ती आणे देईल की पैसे. शोधायला बसलो. तर दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, त्यांना नवे पैसे म्हणायचे, आणि तो 'नवा' शब्द १ जून १९६४ला अधिकृतपणे गेला. म्हणजे मुलगी नवे पैसे देईल, पण आजी आणेच म्हणत राहील, ही गोष्ट फार सुंदर मिळाली, मी नाकारत नाही. पण त्या नादात पूर्ण गुरुवार गेला आणि त्यात मी एक ओळ लिहिली नव्हती. शिवाय वाटत राहतं की आपण कामच करतोय! गप्पा मारत बसलं तर निदान अपराधी वाटतं, माहिती शोधताना तेही वाटत नाही, म्हणून ती जास्त धोक्याची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मी फुली मारतो. बस कुठल्या रंगाची, माहीत नाही, फुली. कंदील की चिमणी, फुली. लिहीत पुढे जायचं. महिन्यातून एकदा सगळ्या फुल्या एका कागदावर उतरवतो आणि मग एका दमात शोधतो, आणि गंमत म्हणजे त्यातल्या निम्म्यांची गरजच उरलेली नसते, कारण तो प्रसंगच गळालेला असतो.

अजून एक गोष्ट उशिरा समजली. सगळं लिखाण सारखं नसतं. संवाद तोडून तोडून लिहिता येतात, मध्ये दहा माणसं येऊन गेली तरी आजीचा आवाज कानात तसाच असतो, उलट काउंटरवर ऐकलेली बोलण्याची ढब त्यात येते. पण पुराचं मुख्य प्रकरण, म्हणजे पाणी वाड्याच्या चौकात शिरतं, जिना चढतं आणि माणसं माळ्यावर जातात, ते तुकड्यांत लिहिता येईना. पाच वेळा फाडलं. ते पाणी सलग चढत जायला हवं आणि माझं दर चार ओळींनी थांबत होतं. मग ते गुरुवारवर टाकलं. गुरुवारी मेंटेनन्ससाठी बऱ्याचदा लाइट जाते, मशिनं बंद, फार कुणी येत नाही, शटर अर्धं खाली ओढून दाराच्या उजेडात बसायचं. चार गुरुवारांत ते प्रकरण झालं. शेवटच्या गुरुवारी लिहिताना मी रडलो, लाइट आली ते मला कळलंसुद्धा नाही, बाहेरून एक पोरगा 'काका, चालू झालं का' विचारत उभा होता. तो स्वतः तिसऱ्यांदा प्रिलिमला बसतोय. रोज विचारतो, 'किती पानं झाली?' मी त्याला विचारतो, 'किती चॅप्टर झाले?' दोघंही खरं सांगतो, शून्य असेल तर शून्य. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी कित्येक दिवस लिहिलंय.

घरी मात्र लिहीत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं तेव्हा आईला जेवायला वाढतो, तिच्याजवळ बसतो. बायकोनं सुरुवातीला एकदा शांतपणे सांगितलं होतं की तू आईची गोष्ट लिहायला आईपासून दूर जाऊ नकोस, ते मी धरून आहे. फक्त रात्री लेकीचा अभ्यास झाला की दिवसाची दोन पानं फोनमध्ये बोलून टाइप करतो. विरामचिन्हं सगळी नंतर घालावी लागतात, पण मोठ्यानं वाचलं जातं आणि खोटं वाक्य लगेच कानाला टोचतं.

या रविवारी चौदाव्या प्रकरणाची पहिली पानं आईला वाचून दाखवली, पूर ओसरल्यावर मुलगी वडिलांबरोबर छापखान्यात जाते ते. मी लिहिलं होतं की जमिनीवर काळा गाळ होता. आई बराच वेळ गप्प होती, मला वाटलं झोपली. मग म्हणाली, 'काळा नव्हता रे. तांबूस होता. आणि बाबांच्या हाताला तो वास कितीतरी दिवस होता, मला घास भरवताना यायचा.' पुन्हा कसला वास म्हणून विचारलं तर तिला आठवेना, ती दुसरंच काही बोलायला लागली. मी समासात फुली मारली आणि पुढचं पान वाचायला घेतलं.