अमोनियम नायट्रेट नाही

५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी माझ्या फोनवर दोन व्हिडिओ फिरून फिरून येत होते. एक बेरूतचा, आदल्या रात्री तिथल्या बंदरात अमोनियम नायट्रेटचा साठा फुटला त्याचा. दुसरा आमच्याच बंदरातला: त्या दिवशीच्या वादळी वाऱ्यात जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा शेवाच्या, धक्क्यावरच्या तीन क्रेन आडव्या झाल्या, त्याचा. कुणा उत्साही प्राण्याने दोन्ही जोडून वर 'न्हावा शेवा में धमाका' असं चिकटवलं होतं. डोंबिवलीच्या मामेभावाने तेच पाठवून विचारलं, जिवंत आहेस ना? मी यार्डात रेनकोट घालून उभा होतो. म्हटलं, आहे, फक्त भिजलोय.

मी उरण भागातल्या एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, हॅझ बघतो, म्हणजे घातक माल. जहाजावरून उतरलेला कंटेनर आमच्यासारख्या यार्डात येतो, तपासणी होते, ड्यूटी भरली की आयातदार माल घेऊन जातो. घातक माल वेगळ्या कुंपणात, त्याची चावी माझ्याकडे. एरवी हे काम कंटाळवाणं असतं आणि ते तसंच असावं. आयातदाराचा फोन लागेनासा झाला की त्यातला कंटाळा संपतो. तीस दिवसांत माल उचलला नाही तर नोटीस देऊन लिलाव करता येतो. 'येतो' हे कायद्यातलं. घातक मालावर बोली लावायला कुणी येत नाही, आणि नष्ट करायचा तर खर्च कुणाचा? लाइन, म्हणजे जहाज कंपनी, म्हणते आयातदाराचा, आम्ही म्हणतो लाइनचा, आयातदार स्विच्ड ऑफ.

६ तारखेला दिल्लीहून आदेश आला: देशभरातल्या गोदामांत आणि बंदरांत पडून असलेला घातक आणि स्फोटक माल ४८ तासांत तपासून सुरक्षित असल्याची खात्री द्या. त्याच सुमारास चेन्नईजवळ मणलीत २०१५ पासून पडून असलेल्या सातशे टनांच्या आसपास अमोनियम नायट्रेटची बातमी आली आणि आमच्या ऑफिसातला लँडलाइन, जो वाजतो हेच मी विसरलो होतो, तो वाजायला लागला. पत्रकार, पोलीस, पंचायत, एका पक्षाचा तालुकाध्यक्ष. सगळ्यांचा प्रश्न एकच. लोकांना दोन दिवसांत एका रसायनाचं नाव पाठ झालं होतं आणि तेवढंच पाठ झालं होतं.

वरून सूचना आली: विचारलं तर सांगायचं, आपल्याकडे अमोनियम नायट्रेट नाही. हे शंभर टक्के खरं होतं. ते ठेवायला वेगळा परवाना लागतो, २०१२ चे नियम आहेत, स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या नागपूरच्या पेसोचं त्यावर लक्ष असतं. आमच्याकडे तो परवाना नव्हता आणि तो मालही नव्हता.

आमच्याकडे होतं कॅल्शियम हायपोक्लोराइट. ४५ किलोचे तीनशे निळे प्लास्टिक ड्रम, साडेतेरा टन, फेब्रुवारीत उतरलेले. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आयातदार हवेत विरला. पाणी शुद्ध करायची पावडर ती, पण दारावरचं हिऱ्याच्या आकाराचं पिवळं लेबल तेच: ५.१, ऑक्सिडायझर. अमोनियम नायट्रेटची भावकीच म्हणा. स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जाळते. तापली की विघटते, विघटताना आणखी तापते. या मालाने जहाजांवर कंटेनरच्या आगी लावलेल्या आहेत, बोटीवरच्या कुठल्याही माणसाला विचारा. आणि उरणच्या मे महिन्यात बंद लोखंडी कंटेनर म्हणजे भट्टी.

मी काही झोपलो नव्हतो, हे सांगितलंच पाहिजे. तो कंटेनर मी रांगेतून काढून एकटा, जमिनीवर, शेडच्या सावलीत ठेवून घेतला होता. एक रिचस्टॅकर, कंटेनर उचलायची गाडी, अर्धा तास मागितला म्हणून ऑपरेशन्सच्या साहेबांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. गेटवर कपाळ मोजायची बंदूक आली होती, ती ४३ च्या वर गेली की नुसती ओरडते. मी खिशातले पैसे घालून कारखान्यात वापरतात तसला थर्मामीटर आणला. रोज सकाळी दहा आणि दुपारी तीन, चार भिंती, चार आकडे, वहीत. आणि पत्रं. लाइनला, आयातदाराला, वर. एकूण सहा.

६ तारखेच्या दुपारी सर्व्हेअरसमोर सील तोडलं. दार उघडलं. तोंडावर एन-९५, तरी तरण तलावाचा तो वास आला, पण डोळ्यांत मिरची घालणारा. शेजारचा पोरगा म्हणाला, 'साहेब, मला वास येत नाहीये.' आणि सगळे त्याच्यापासून चार हात लांब पळाले, ड्रमांपासून नाही! त्याला सर्दी होती. दाराच्या रबरातून पाणी झिरपून पुढच्या रांगेच्या बुडाशी पांढरा चिखल झाला होता. दोन ड्रमांची झाकणं फुगून डोशासारखी वर आलेली. आत डिझेलची फोर्कलिफ्ट नेता येत नाही, लाकडी पॅलेट वापरता येत नाही. एकेक ड्रम हातांनी, कोरड्या हातमोज्यांनी, संध्याकाळी सातपर्यंत.

मध्येच मावशींचा फोन आला. त्या आमच्या पोरांचे डबे देतात, कुंपणामागच्या गावात राहतात. 'सायेब, तुमचे यार्डान ती बेरूतची पावडर हाय का? घरान बारकी पोरां हान.' आदल्याच वर्षी सप्टेंबरात उरणच्या गॅस प्रकल्पात आग लागून चार जण गेले होते. मावशींचा प्रश्न तालुकाध्यक्षाच्या प्रश्नासारखा नव्हता.

मी म्हणालो, 'नाही मावशी, अमोनियम नायट्रेट नाही.' हातमोज्याला पांढरी पावडर लागलेली होती.

एरवी वीस सह्या लागतात तो माल बारा दिवसांत तळोज्याला नष्ट करायला गेला. खर्च कुणाचा हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. मला आनंद व्हायला हवा होता. त्या रात्री बेरूतबद्दल वाचत बसलो. २,७५० टन. २०१३ मध्ये रोसूस नावाचं जहाज बातूमीहून मोझांबिकला निघालेलं, बेरूतला अडकलं. पुढच्या वर्षी माल १२ नंबरच्या गोदामात उतरला आणि तिथेच राहिला. तिथल्या कस्टम्सने कोर्टाला पत्रं लिहिली, पुन्हा लिहिली: परत पाठवा, विकून टाका. लोकांनी ८ ऑगस्टला शहीद चौकात फास टांगले, १० ला सरकारने राजीनामा दिला. लोकांचा संताप मला कळतो. खिडक्यांच्या काचा झाडूने गोळा करणारी ती पोरं बघितल्यावर कुणालाही कळेल. पण पत्रं लिहिणाऱ्या खात्याचा प्रमुखही अटकेत गेला, हे वाचून मी उठलो आणि माझी फाइल काढली.

सहा पत्रं. चौथ्यापासून पुढे मी फक्त तारीख बदलली होती. पाचव्यात तीही एका ठिकाणी बदलायची राहिली होती. ती पत्रं माल हलावा म्हणून लिहिली होती की उद्या काही झालं तर दाखवायला, हे मला त्या रात्रीही सांगता आलं नाही.

सप्टेंबरपर्यंत लँडलाइन गप्प झाला. दुसरे दोन कंटेनर अजून पडून होते, त्यांच्याबद्दल कुणी विचारलं नाही. ते मी वहीत मोजत राहिलो.

दर १४ एप्रिलला आमच्याकडे मॉक ड्रिल असतं. १९४४ ला त्याच दिवशी समोर मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, ६६ अग्निशामक गेले, म्हणून हा अग्निशमन सेवा दिन. अलीकडे एकदा गावकऱ्यांनाही बोलावलं होतं. मावशी खुर्चीवर चहा घेत सांगत होत्या, त्यांच्या सासूने तो आवाज ऐकला होता. सगळं गाव म्हणत होतं जपान्यांनी बॉम्ब टाकला. सरकारने पेपरांना आठवडेच्या आठवडे छापू दिलं नाही, मग लोक काय म्हणणार?

मग एकदम म्हणाल्या, 'तवा तुमचे यार्डान काय व्हता, सायेब? आता तरी सांगा.'

म्हटलं, 'क्लोरीनची पावडर होती, मावशी.'

'आगो बाय, ती तं आमचे विहिरीन टाकतान!' त्या हसायला लागल्या. शेजारणीलाही सांगितलं, तीही हसली. मी रिकामे कप उचलले.