तुम्ही विचारलंत म्हणून : मुलगा लुगडं नेसून आला की लोक हसतात का?

पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या, तालमी लागल्या की हा प्रश्न ठरलेला. "आमच्या एकांकिकेत मुलगा बाईचं काम करतोय. प्रसंग गंभीर आहे, तरी तो आला की लोक हसतात. चुकतंय काय?"

बहुतेक वेळा कंबर चुकते. मुलगा लचकतो. लक्ष्मी रोडवर दहा मिनिटं उभे राहून बघा, एकही बाई तशी चालत नाही. लचक ही पुरुषांच्या डोक्यातली बाई, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांनी पक्की केलेली. ती काढून टाका आणि चाल लुगड्याला ठरवू द्या.

म्हणून शिवलेली नऊवारी नको. तुळशीबागेतून आणली की दोन मिनिटांत पायजम्यासारखी चढते, पण पायाला अडवत नाही. पोरगा आपल्या नेहमीच्या ढांगा टाकत राहतो. खरं सुती लुगडं घ्या, दोनदा धुतलेलं. कोऱ्याची खळ गाठ धरू देत नाही. मुलांची कंबर सरळसोट, त्यामुळे लुगडं खाली घसरतं. आत सुती नाडी घट्ट बांधा आणि गाठ बेंबीवर मारा, पँटचा पट्टा येतो तिथे नव्हे. पदर आधी अंगावरून घेऊन मापून ठेवा, मग उरलेल्याच्या निऱ्या करून पुढे खोचा, आणि निऱ्यांची खालची कड पायांमधून मागे नेऊन कासोटा घाला. हे करताना गुडघे किंचित वाकलेले हवेत. ताठ उभं राहून ओढून खोचलेला कासोटा मांडी घालताच सुटतो, आणि तो नेमका करुण प्रसंगात सुटतो. उंच मुलाला नेहमीचा पन्हा (कापडाची रुंदी) अपुरा पडून पोटऱ्या दिसतात, तेव्हा दुकानात मोठा पन्हा मागा.

लुगडं फक्त रंगीत तालमीला नेसवलं तर ते वेशभूषाच राहतं. पहिल्या आठवड्यापासून नेसून केर काढायला लावा, उकिडवं बसून भाजी चिरायला लावा, पदर सावरत वाकून ताट ठेवायला लावा. पाऊल आपोआप आखूड पडतं, हात पदराकडे जातो. हे शिकवून येत नाही. रुंद खांदे झाकायला पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या.

बांगड्या दोन-सहाच्या मापाच्या आणू नका, मुलाच्या हाताला दोन-दहा किंवा दोन-बारा लागतात. नथ चापाची. दाढी प्रयोगाआधी दोन तास करा म्हणजे लाली उतरते. हिरवट झाक उरली तर रंगाखाली नारिंगी छटेचा हलका थर.

आवाजाचं म्हणाल तर किनरा आवाज पहिल्याच रडण्यात फाटतो. नेहमीच्या बोलण्यापेक्षा दोन स्वर वर जा, त्याहून जास्त नको. पुरुष वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकतात, तेवढं थांबवलं तरी अर्धं काम होतं.

बालगंधर्वांच्या काळी तर उलटंच होतं. त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. बाईनं कसं दिसावं हे काही वर्षं एका पुरुषानं ठरवलं. (ज्यांना मुलांनी लुगडं नेसणं 'आपल्यात नसतं' असं वाटतं, त्यांनी बालगंधर्वांच्याच नावाच्या रंगमंदिरात आपण कितीदा जाऊन बसलो ते आठवावं. १९६८ पासून उभं आहे.) १९३३ साली नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या नाटकात स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या आणि पुढे ही विद्या हळूहळू विस्मरणात गेली. मुलांना आज शिकवायला कुणी सापडत नाही, ते त्यामुळे.

आणखी एक घात क्रियापद करतं. पाठांतरात "मी आले, मी सांगते" नीट येतं. भांडणाच्या प्रसंगात सूर चढला की "मी आलो" निघतं आणि प्रेक्षागृह खो खो हसतं. उपाय म्हणजे तालमीच्या वेळी चहाच्या सुट्टीतही त्यानं स्त्रीलिंगीच बोलायचं. मित्र चिडवतील, दोन दिवसांत कंटाळतील. मात्र संहिता कोल्हापूरकडच्या बोलीत असेल तर हा नियम लावण्याआधी लेखकाला विचारा. तिकडच्या मुली सर्रास "मी आलो, मी जातो" म्हणतात, आणि त्यांना कुणी पुरुषी म्हणत नाही.