माळवदाच्या खोल्या रिकाम्या करताना

लातूरला गावभागात आमचं जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती टाकलेल्या छताचं, घर आहे. मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, एकीत नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणारी दोन पोरं अन् दुसरीत चौदा वर्षांपासून एक कुटुंब, त्यांना आम्ही काका-काकूच म्हणतो. मागच्या पावसाळ्यात काकू रात्रभर गळत्याखाली पातेली मांडत होत्या अन् सकाळी बघतो तर एक तुळई वाळवीनं पोखरलेली. 1993 च्या भूकंपात किल्लारीकडं माणसं अशाच जड माती-दगडाच्या घरात दबून गेली, आई तेव्हापासून त्या खोल्यांत झोपत नाही, अन् भाडेकरूंना मात्र आपण झोपवतोय हे मला काही पटेना. पाडून स्लॅब टाकायचं ठरवलं.

पण आतल्या माणसांचं काय? एक दोस्त म्हणाला, लाइट-पाणी तोड, पंधरा दिवसात जातील. मला लई राग आला. एक तर कायद्यानंच बंदी आहे त्याला, अन् ज्या बाईनं आमच्या आजीला शेवटच्या दिवसांत जेवण भरवलं तिचं पाणी मी तोडू?

वकिलाकडं गेलो. आपल्याकडं मराठवाड्यात आधी हैदराबादचा 1954 चा भाडे कायदा होता, 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू झाला. त्यात कलम 16 मध्ये घरमालकाला ताबा कधी मागता येतो ते दिलंय, खोली रिकामी केल्याशिवाय होणार नाही अशी दुरुस्ती हे एक कारण, पाडून नवीन बांधणं हे दुसरं. पण भाडेकरू राजी नसेल तर दोन्हीत कोर्टाचा आदेश लागतो, अन् काम झाल्यावर भाडेकरूला परत यायचा हक्कही कायद्यात आहे. "दुरुस्तीच्या नावाखाली कायमचं काढायचं असेल तर माझ्याकडं येऊ नका," असं वकील तोंडावर म्हणाले, मला ते आवडलं.

पोरांचं सोपं होतं, 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर केलेला, फक्त नीटची परीक्षा होईपर्यंत हातोडा लावायचा नाही एवढा शब्द दिला.

काकूंशी बोलायला मात्र मला दिवाळीपासून संक्रांत लागली. शेवटी चहा घेता घेता सांगितलं तर त्या गप्पच झाल्या, मग विचारलं, "परत घेशील का रे आम्हाला? का मोठ्या भाड्याचं माणूस बघायलास?" भाडं वाढणार हे मी लपवलं नाही, किती ते काकांसोबत बसून ठरवलं, परत येण्याचं कागदावर लिहिलं अन् दोघांनी सह्या केल्या. त्यांच्या लेकीची दहावी होती म्हणून पेपर संपेपर्यंत खोली सोडण्याचा एक शब्द नाही काढला. दोन गल्ल्या सोडून खोली मीच शोधली, टेम्पोचं भाडं दिलं अन् डिपॉझिट सामान निघायच्या आधी हातात ठेवलं, कारण नवीन घरमालकाला ते त्याच दिवशी द्यायचं असतंय, महिन्यानं देऊन काय उपयोग.

नीटची परीक्षा झाल्यावर पाडकाम सुरू केलं. मिस्त्री म्हणायला मृगाच्या आत स्लॅब होत नाही, दोन महिने आधी रिकामं करायला पाहिजे होतं. होऊ दे उशीर. काकू रोज संध्याकाळी चक्कर मारतात, काल म्हणायल्या खिडकी उगवतीलाच ठेव, मी मिस्त्रीला तसं सांगितलंय.